स्वस्त टिन व्हिसल ‘खराब’ ठरवताना या चुका टाळा

मे महिन्यातली सोलापूरची दुपार, पारा ४२ च्या पुढे, पंखा पाचवर. ऑनलाइन मागवलेली डी पट्टीची टिन व्हिसल, म्हणजे टोक तोंडात धरून वाजवायची सहा भोकांची छोटी पत्र्याची बासरी, खोक्यातून काढली आणि तिथेच पंख्याखाली बसून फुंकली. खालचा सूर थरथरायचा, मध्येच गायब व्हायचा. माल खराब म्हणून परत पाठवायचं ठरवलंही. संध्याकाळी लाइट गेली, पंखा थांबला आणि तोच सूर सरळ लागला.

कारण साधं आहे. फुंक तोंडाकडच्या अरुंद फटीतून येऊन समोरच्या कापलेल्या भोकाच्या, म्हणजे व्हिसलच्या ‘खिडकी’च्या, धारेवर आदळते, तिथे सूर तयार होतो. त्या खिडकीवर पंख्याचं वारं आलं की सूर मोडतो. तेव्हा पारखताना आधी पंखा बंद करा. घाम आला तर येऊ द्या.

पुढची चूक फुंकेची, आणि ती बासरी वाजवणारेच जास्त करतात. बासरीत ओठांनी फुंकेला दिशा द्यावी लागते. इथे ते काम फट करते, आपल्या हातात फक्त जोर. सहाही भोकं झाकून खालचा सूर काढताना गरम चहावर घालतो तेवढीच फुंक पुरते. जरा जास्त झाली की सूर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. वरच्या सप्तकात उलटं होतं. तिथे दाब लागतो, पण शेजारी काय म्हणतील म्हणून लोक घाबरत फुंकतात, सूर फाटतो आणि दोष व्हिसलला लागतो.

बोटंही तपासा. भोकांवर बोटं घट्ट दाबा, उचला आणि पेरावरचा वळ पाहा. पूर्ण गोल उमटला तर ठीक. अर्धचंद्र दिसला तर हवा तिथूनच निसटतेय. वरून एकेक बोट ठेवत खाली या. ज्या बोटाला सूर बिघडतो, ते बोट गुन्हेगार.

मागवतानाही एक घोळ होतो. व्हिसलची पट्टी सगळी भोकं झाकल्यावरच्या सुरावरून सांगतात, आपल्याकडे बासरीची पट्टी वरची तीन झाकल्यावरच्या ‘सा’वरून. म्हणजे डी व्हिसल बासरीच्या बोटांनी वाजवली तर सा येतो पेटीच्या पांढरी पाचला (जी), पांढरी दोनला (डी) नाही. पेटीशी जुळेना म्हणून बेसूर ठरवण्याआधी एवढं बघा.

ट्यूनर ॲपवर डोळे लावून वाजवू नका. काटा बघून आपण नकळत फुंक बदलतो. डोळे मिटून सहज फुंका, सूर धरून ठेवा, मग बघा. शिवाय हवा तापली की सूर चढतो: २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशाला ३५५. आपल्या श्वासाची ऊब थोडा फरक भरून काढते, तरी जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत जुळवलेली व्हिसल मेमध्ये चढीच लागणार. प्लॅस्टिकचं डोकं किंचित बाहेर ओढलं की सूर उतरतो. ते चिकटवलेलं असेल तर गरम (उकळतं नव्हे) पाण्यात थोडा वेळ बुडवून हळूच पिळा.

आता खरे दोष. डोकं आणि नळी यांच्यात फट असेल तर खालचे सूर पोकळ येतात. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळा. खिडकीच्या धारेवर प्लॅस्टिकचा कोंब राहिला असेल तर उजेडात दिसतो, तो नखाने काढा. धारेला पॉलिश पेपर मात्र लावू नका, एकदा घासली की परत येत नाही. वाजवता वाजवता आवाज घुसमटला तर फटीत थुंकीचा थेंब अडकलाय: खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंका, किंवा भांड्याच्या लिक्विड साबणाचं पातळ पाणी फटीतून सोडून वाळू द्या.

फुसफुस हा प्रत्येक वेळी दोष नसतो. इंग्लंडच्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ साली पत्र्याच्या व्हिसल बनवायला सुरुवात केली. त्या घडणीच्या, लाकडी ठोकळा बसवलेल्या निमुळत्या व्हिसलचा आवाज श्वासाळच असतो, आणि मला तोच आवडतो.

शेवटची परीक्षा फोनवर घ्या. तो चार हात लांब ठेवून रेकॉर्ड करा, पण बाथरूममध्ये नको. तिथे कुकरची शिट्टीसुद्धा गोड लागते. एवढं करूनही हलक्या फुंकेला खालचा सूर टिकत नसेल, तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन व्हिसल सारख्या निघतीलच असं नाही.