गावातच राहून फोटोंची गोडी कशी लावून घ्यावी

फोटो काढायचे म्हणजे तोरणमाळ नाहीतर पाटणादेवी गाठायची, असा आपल्या खानदेशात एक पक्का समज आहे. वर्षातून एखादी सहल होते, धबधब्यापुढे दात काढून उभ्या असलेल्यांचे फोटो मोबाइलभर होतात आणि नंतर ते कोणी उघडूनही बघत नाही. ज्या वाटेने रोज शेतात, दुकानात, कॉलेजात जातो, तिचा मात्र एकही फोटो नसतो.

घरात-गावात राहूनही चांगले फोटो निघतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून यावं. मूस (1912–1989) यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं बंगल्याबाहेर फारसं न पडता काढली. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड जुळवायचा आणि त्यातून चित्र उभं करायचं, या टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांनी नाव कमावलं. घर रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्यांच्याकडे भारी कॅमेरे होते हे खरं, पण आपण मोबाइलवरच सुरुवात करू.

1. आधी लेन्स पुसा

हसू नका. फोटो धुरकट येण्याचं पहिलं कारण म्हणजे लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा. मऊ सुती रुमाल पुरतो. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेघा चालू करा, म्हणजे नदीचा काठ आणि घराची भिंत तिरकी येणार नाही. दोन बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. शेवटचं आणि सर्वांत कामाचं: स्क्रीनवर ज्या जागी बोट दाबून धराल तिथला फोकस आणि उजेड पक्का होतो, आणि बोट वर-खाली सरकवलं की फोटो उजळ किंवा गडद होतो. बहुतेक मोबाइलमध्ये ही सोय असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर चालतं.

2. एकच वस्तू धरून बसा

आठवडाभर एकच विषय घ्या. अंगणातला रांजण, कोपऱ्यावरची चहाची टपरी, बाजाराच्या दिवशीची एखादी भाजीवाली, काहीही चालेल. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, जमेल तेव्हा त्याचाच फोटो घ्या. पहिले दोन दिवस कंटाळा येतो. मग टपरीवाला गाळणं कसं झटकतो, वाफ कोणत्या बाजूने उठते, हे दिसायला लागतं आणि तिथून पुढे आपोआप हात चालतो.

3. उजेडाच्या वेळा ओळखा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या भर दुपारी बाहेर फोटो काढणं म्हणजे चेहऱ्यावर काळ्या सावल्या आणि तापून बंद पडणारा मोबाइल. ती वेळ घरात घालवा. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात छताच्या भोकातून उजेडाचा सरळ झोत खाली येतो. त्या झोतात कोणी तांदूळ निवडत बसलं असेल तर उजेड हातांवर धरा आणि बोट खाली सरकवून बाकीचं घर अंधारात जाऊ द्या.

संध्याकाळ मात्र तापीची. आपली तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे पुलावर उभं राहून पाणी जातं त्या दिशेला तोंड केलं की सूर्य साधारण नदीच्या अंगानेच मावळतो. फोटो पुलाच्या फुटपाथवरून काढा. रेल्वेच्या पुलाकडे फिरकूही नका.

4. सराव भरिताच्या धुरावर करा

हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी ठरली की बहुतेक जण पंगत बसल्यावर मोबाइल काढतात. तोवर सगळं संपलेलं असतं. काड्या पेटवतात तेव्हाच जवळ जा. कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर वांगी भाजताना धूर जोरात निघतो, आणि धूर टिपायची एक रीत आहे: सूर्य धुराच्या पलीकडे किंवा बाजूला हवा आणि मागे काहीतरी गडद हवं, आंब्याचं झाड किंवा विहिरीचा काठ. मागे मोकळं आभाळ असलं तर धूर दिसतच नाही. धुरावर बोट दाबून धरा, थोडं गडद करा. वारा फिरला की तुम्हीही फिरा, नाहीतर डोळ्यांतलं पाणी पुसण्यातच वेळ जाईल.

मग एकेक क्षण पकडा. साल फुटून वाफ बाहेर येते तो, काळी साल सोलणारी पोळलेली बोटं, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत वांगं ठेचताना वर गेलेला हात. हलत्या हातासाठी बर्स्ट वापरा, म्हणजे ओळीने पटापट फोटो घ्या, आणि त्यातला एक ठेवा. शेवटी ताटातलं भरीत. त्याचा फोटो खरं तर कधीच चांगला येत नाही, कळण्याची भाकरी शेजारी असली तरी. खाऊन घ्या.

5. लाल आणि हिरवा जपून

नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत पडते, तेव्हा सगळं लालच लाल दिसतं. मोबाइलला हा लाल झेपत नाही, त्याचा सपाट रंग होतो आणि एकही मिरची सुटी दिसत नाही. उजेड कमी करा, सकाळी लवकर जा आणि खाली बसा. तिरक्या उन्हात प्रत्येक मिरचीला सावली मिळते. मालकाला विचारून आत शिरा, आणि नाकाला रुमाल बांधा; ठसका लागला की हात हलतोच.

केळीच्या बागेत उलटी अडचण. रावेर-यावलकडच्या दाट बागेत उजेड पानांतून गाळून येतो आणि माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. माणूस टिपायचा तर त्याला बागेच्या कडेला आणा. पान टिपायचं तर पानाखाली उभं राहून सूर्याकडे बघा, शीर न् शीर उठून दिसते. जुना शर्ट घाला. केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत.

6. माणसांना विचारा

"मावशी, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. "मन्हा काय फोटू काढस रे भाऊ!" असं म्हणत पदर सावरला जातो, आणि बहुतेकदा तोच होकार असतो. पदर सावरतानाचा फोटो घ्या. नंतर त्या ताठ उभ्या राहतात. नाही म्हटलं तर मोबाइल खिशात. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय नको, स्टेटसला टाकायचा असेल तर मुळीच नको.

7. रविवारी निवड

आठवड्याचे फोटो एकदाच बसून बघा, चार-पाच ठेवा, बाकी पुसून टाका. आवडलेल्यांतले एक-दोन स्टुडिओतून 4 बाय 6 च्या आकारात छापून घ्या आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन द्या. पुढच्या वेळी टपरीवर तुम्हाला कोणी "कशाला काढतो?" असं विचारणार नाही. मागे तारीख आणि गाव लिहा, पण बॉलपेन दाबून लिहू नका. अक्षरांचे वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतात.