सिनेमाचं प्रमाणपत्र कसं वाचायचं: धीट दृश्य कुठे संपतं, पॉर्न कुठे सुरू होतं

पोस्टरवरचं अक्षर वाचण्याआधी ते कोणत्या देशाच्या मंडळानं दिलंय ते बघा. आमच्या सांगलीच्या फिल्म सोसायटीचं महिन्याचं पत्रक मी लिहिते. परदेशी सिनेमा असला की कुणीतरी काकू फोन करतातच, "अगं, त्यात तसलं काही नाही ना?" नुसत्या 'ए' किंवा '१८'वरून याचं उत्तर देता येत नाही. ते अक्षर कोणत्या वयाच्या माणसानं बसावं एवढंच सांगतं.

सगळ्यात स्पष्ट लिहिलेली सीमा ब्रिटनची आहे, म्हणून आधी ती समजून घ्या. तिथल्या बीबीएफसीकडे, म्हणजे सिनेमांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडे, प्रौढांसाठी दोन वर्ग आहेत, '१८' आणि 'आर१८'. 'आर१८' मिळालेला सिनेमा फक्त खास परवान्याच्या थिएटरात दाखवता येतो किंवा परवानाधारक सेक्स शॉपमध्ये विकता येतो. मंडळाचा पहिला प्रश्न हेतूचा असतो: प्रेक्षकाला उत्तेजित करणं हेच या सिनेमाचं मुख्य काम आहे का? उत्तर 'हो' असेल, तर पडद्यावरचा संभोग अभिनय आहे की खरा, हे पाहतात. अभिनय असेल तर तसा सिनेमाही साधारणपणे '१८'मध्ये बसतो. खरा आणि उघड दिसणारा असेल तर 'आर१८'.

पण मुख्य हेतू उत्तेजनेचा नसेल, तर खरा संभोग असूनही '१८' मिळू शकतं. मायकल विंटरबॉटमच्या 'नाइन साँग्ज'मध्ये नट-नटीचा संभोग खराखुरा आहे. तरी २००४ मध्ये तो एकही कट न लागता '१८' म्हणून पास झाला. सव्वा तासाच्या आत संपणारा हा सिनेमा मला तरी रटाळ वाटतो, पण मंडळाचा निर्णय पटतो.

हेतू ओळखायचा कसा? 'ती दृश्यं काढली तर गोष्ट उरते का' ही कसोटी बरेच जण सांगतात. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही, कारण वाईट लिहिलेल्या प्रेमकथाही तिच्यात नापास होतील. मी बघते की दृश्य संपल्यावर त्या दोन माणसांत काही बदललं का, कॅमेरा चेहऱ्यांकडे परत जातो का, आणि सांगून झाल्यावरही दृश्य किती वेळ रेंगाळतं. पात्रांपैकी कुणी अल्पवयीन कलाकार असेल, तर मात्र ही सगळी चर्चाच बंद. तिथे पॉक्सो कायदा लागतो.

अमेरिकन अक्षरं वाचताना सावध राहा. १९६८ मध्ये तिथे 'एक्स' हे प्रौढांसाठीचं रेटिंग आलं, पण ते देणाऱ्या सिनेउद्योगाच्या संघटनेनं त्याचा ट्रेडमार्कच घेतला नाही. मग पॉर्नवाल्यांनी ते स्वतःच लावून घेतलं, वर 'ट्रिपल एक्स' केलं. ज्या 'मिडनाइट काउबॉय'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तो तेव्हा 'एक्स'च होता! शेवटी १९९० मध्ये त्याच्या जागी 'एनसी-१७' आणलं. ते दिसलं तर 'मुलांना प्रवेश नाही' एवढंच समजा.

आपल्या सेन्सॉर बोर्डाकडे पॉर्नसाठी वर्गच नाही. 'यू', 'यूए', 'ए' आणि 'एस'. यातला 'एस' डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांसाठी असतो (एका सभासदाला तो 'सेक्स'चा वाटला होता). २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे टप्पे झाले. म्हणजे 'ए' ही आपल्याकडची सर्वसाधारण प्रेक्षकांसाठीची शेवटची पायरी. तिच्यापुढचं काही असेल, तर प्रमाणपत्र मिळत नाही आणि थिएटरही नाही. १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं अश्लीलता नको म्हणतात, पण सिनेमा संपूर्ण पाहून एकूण परिणामावरून ठरवा, असंही बजावतात. फूलनदेवीवरच्या 'बँडिट क्वीन' या सिनेमाच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हाच धागा पकडला: तिथली नग्नता वासना चाळवत नाही, त्या बाईवरच्या अत्याचाराची चीड आणते.

मराठीतलं उदाहरण रवी जाधवांच्या 'न्यूड'चं. कलाविद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ही गोष्ट. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून सिनेमा वगळला गेला, आणि २०१८ मध्ये त्याला 'ए' प्रमाणपत्र मिळालं. नाव ऐकून नाकं मुरडणारे आमच्याकडेही होते.

जुन्या भारतीय प्रिंटवर प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात त्रिकोण शोधा. तो असेल तर काटछाट झाली आहे, आणि तपशील प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असतो. काय कापलं ते वाचलं की बोर्डाला कशाची भीती वाटली ते कळतं.

पत्रकात मी नुसतं 'प्रौढांसाठी' लिहीत नाही. 'नग्नता आहे, दोनदा, थोडा वेळ' किंवा 'बलात्काराचं दृश्य आहे, मध्यंतरानंतर' असं लिहिते. काकू ते वाचून स्वतः ठरवतात. गेल्या वेळी त्या आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या.