नर्सरीतल्या फायकसचं बोन्साय

पहिल्या बोन्सायसाठी तयार, महागडं झाड आणू नका. नर्सरीत कुंडीत वाढलेला साधा फायकस, म्हणजे आपला नांद्रुक, घ्या. त्याला आपली हवा मानवते आणि छाटल्यावर तो जोमाने फुटतो.

निवडताना पानांच्या दाटीला भुलू नका. वरची माती बोटाने सारून बुंधा पाहा. तो खाली रुंदावत गेलेला हवा आणि मुळं चहूबाजूंना पसरलेली हवीत. फांद्या पुढे घडवता येतात, पण उथळ कुंडीत गेल्यावर बुंधा फारच हळू जाड होतो. म्हणून बुंधा अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर झाड आणखी एक-दोन वर्षं मोठ्या कुंडीतच वाढू द्या. बहुतेक नवशिके नेमकी इथेच घाई करतात.

काम फेब्रुवारीअखेर किंवा पाऊस स्थिरावल्यावर काढा. आधी झाड फिरवून त्याची दर्शनी बाजू ठरवा. मग एकाच जागेतून फुटलेल्या फांद्यांपैकी एक ठेवा. सरळ खाली जाणाऱ्या आणि आत वळलेल्या काढून टाका. खोडाचा खालचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा दिसू द्या. राखलेल्या प्रत्येक फांदीवर थोडी पानं हवीतच. कापल्यावर चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपा आणि हात धुवा.

वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची तार वापरा. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे ४५ अंशांत. पावसाळ्यात फांद्या भराभर फुगतात आणि तार सालीत रुतते, तेव्हा दर आठवड्याला बघा. रुतू लागली की तुकडे करून काढा. उलगडायला गेलात तर फांदी मोडेल.

मुळांना मात्र लगेच हात लावू नका. छाटणीनंतर झाड नव्या पालवीने भरू द्या आणि पुढच्या हंगामात कुंडी बदला. माती सोडवून खाली गोल फिरलेली जाड मुळं कापा, पण एकूण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. बारीक तंतुमुळं जपा. मिश्रणात दोन भाग विटांचे बारीक खडे, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत घ्या. खडे चाळून धूळ काढाच, नाहीतर निचरा बंद पडतो. भोकांवर जाळी ठेवा, त्यातूनच तार ओवून झाड कुंडीला घट्ट बांधा. झाड हललं की नवी मुळं तुटतात. मिश्रण काडीने मुळांमध्ये ठासा आणि भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घाला.

दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, मग हळूहळू उन्हात आणा. दिवाणखान्यात कायमचं ठेवू नका, फांद्या लांबट होतात. खत नवी पालवी आल्यावरच द्या. पाणी वेळापत्रकाने नव्हे, वरची माती सुकू लागली की द्या. मे महिन्यात त्यासाठी दिवसातून दोनदा कुंडी तपासावी लागेल.