डाव आवरण्याआधी वही उघडा: बोर्डगेम आणि कोड्यांचं परीक्षण कसं करावं

परीक्षण वाचणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हा खेळ आमच्या घरात, आमच्या माणसांत रंगेल का? त्याला ‘खूप मजा आली’ हे वाचून काही कळत नाही. खेळायला किती जण होते, त्यांची वयं काय, डाव किती वेळ चालला, रेंगाळला तर कुठे, एवढं कळलं की बाकीचा हिशोब तो स्वतः करतो. पण हीच माहिती डोक्यात टिकत नाही. डाव संपला की आठवतं ते कोण जिंकलं आणि शेवटची चाल कशी पडली. मधल्या वेळात एक भिडू पत्ते खाली ठेवून नुसताच बसला होता, हे तिथल्या तिथे टिपलं नाही तर हातचं गेलं. म्हणून वही आणि घड्याळ टेबलावरच हवं.

खोकं उघडल्यावर

आधी सामान यादीशी ताडून मोजा. कारकासोन या खेळाच्या मूळ खोक्यात ७२ टाइल्स (चौकोनी तुकडे) असतात, अझुल या खेळात पाच रंगांच्या वीस-वीस मिळून १००. एखादी कमी निघाली तर ती खेळ सुरू होण्याआधीच कळायला हवी. पुठ्ठ्याच्या तावातून टोकनं मोकळी करायला लागलेला वेळ वेगळा लिहा, कारण तो एकदाच लागतो. पट मांडायला लागणारा वेळ दर डावाला लागतो. टोकन काढताना वरचा छापील कागद सोलला जात असेल तर कटाई अर्धवट झाली आहे. जोराने ओढू नका, ब्लेडने सोडवा, आणि ही गोष्ट परीक्षणात लिहा.

खोक्यावरचं वय डोळे झाकून उतरवू नका. युरोपीय संघाच्या कायद्यात खेळणी म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांसाठीची वस्तू, आणि तिला खेळण्यांच्या सुरक्षेच्या अटी लागू होतात. त्यामुळे ‘१४+’ हा आकडा काही वेळा त्या अटींमुळे छापलेला असतो, खेळ अवघड आहे म्हणून नव्हे. दहा वर्षांचं मूल तो खेळ सहज खेळू शकतं का, हे टेबलावर बसूनच कळतं. तीन वर्षांखालची मुलं घरात असतील त्यांच्यासाठी मात्र छोट्या तुकड्यांचा इशारा अक्षरशः घ्यायचा: चाचणीच्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिमी असतो आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते.

नियम

पहिला डाव छापील नियमपुस्तिकेवरूनच शिका, व्हिडिओ बघून नको. ज्या घरात खेळ जाईल तिथे हातात पुस्तिकाच असणार आहे, तेव्हा ती पुरेशी आहे का हे तुम्हीच तपासायचं. डाव चालू असताना पुस्तिका जितक्या वेळा उघडावी लागेल तितक्या वेळा वहीत एक रेघ मारा आणि शेजारी प्रश्न लिहा. तिसऱ्या डावातही त्याच प्रश्नासाठी पुस्तिका उघडत असाल तर दोष पुस्तिकेचा.

परीक्षणातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या नियमांनी खेळून खेळाला नावं ठेवणं. मोनोपॉली घ्या. पाळी आलेल्या भिडूने जागा विकत घेतली नाही, तर ती लगेच लिलावात काढायची असा मूळ नियम आहे. बहुतेक घरांत तो पाळतच नाहीत. त्यातच ‘फ्री पार्किंग’वर दंडाचे पैसे साठवून तिथे येणाऱ्याला द्यायची पद्धत पडली आहे, जी नियमांत नाही. लिलाव गेला की जागा विकल्या जायला वेळ लागतो, फुकटचे पैसे मिळाले की बुडणारा भिडू तगून राहतो, आणि डाव संपता संपत नाही. मग ‘फार लांबतो’ अशी तक्रार होते. उनोचंही तसंच: दोन पत्ते उचलायला लावणाऱ्या ‘+२’वर आपला ‘+२’ टाकून ते पुढच्यावर ढकलणं मूळ नियमांत नाही. म्हणून दुसऱ्या डावानंतर पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचा. निदान एक चूक सापडतेच, आणि बहुधा ती गुण मोजण्यात असते. कारकासोनमध्ये शेतकऱ्याचे, म्हणजे शेतात ठेवलेल्या सोंगटीचे, गुण पहिल्या डावात क्वचितच कुणी बरोबर मोजतं.

किती डाव, कुणाबरोबर

घरगुती खेळाचे कमीत कमी तीन पूर्ण डाव हवेत: एक शिकण्याचा, एक वेगळ्या मंडळींबरोबर, एक वेगळ्या भिडूसंख्येने. डावपेचांच्या भारी खेळाला मी पाचाच्या खाली समाधान मानणार नाही, कारण पहिले दोन डाव तर नियम अंगवळणी पडण्यातच जातात. किती डाव खेळलात हे परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा. दोनच झाले असतील तर दोन लिहा आणि मजकुराला ‘पहिली ओळख’ म्हणा.

‘२ ते ५ जण’ असं लिहिलेला खेळ सगळ्या संख्यांना सारखा चालतो असं गृहीत धरू नका. एका पाळीला दोन मिनिटं लागत असतील तर तिघांत तुमची पाळी चार मिनिटांनी येते, पाचजणांत आठ मिनिटांनी. त्या आठ मिनिटांत दुसऱ्यांच्या चालीत गुंतण्यासारखं काही असेल तर वेळ कळत नाही. नसेल तर लहान मुलं उठून जातात आणि मोठी माणसं फोन काढतात. दोघांत खेळताना उलटी अडचण येते: पटावर जागा मोकळी राहते, कुणी कुणाला अडवत नाही, आणि चुरस जाते.

वहीतली नोंद साधारण अशी दिसते:

‘डाव २. चौघे, वयं ९, १२, ४०, ६८. नियम सांगणं १४ मि., मांडणं ६, खेळ ७१, आवरणं ५. पुस्तिका ४ वेळा उघडली, त्यातल्या ३ बरोबरी झाली तर काय करायचं यासाठी. ९ वर्षांच्या मुलीने चाळिसाव्या मिनिटाला पत्ते खाली ठेवले; तिच्या दोन पाळ्यांत ७ मि. अंतर. आजोबांना पत्त्यावरचा बारीक मजकूर वाचता आला नाही, शेजारच्याने वाचून दाखवला, म्हणजे हातातला पत्ता उघड झाला.’

ही नोंद नमुन्याची आहे, पण तिच्यातून परीक्षणाची चार वाक्यं आयती निघतात. खोक्यावर ६० मिनिटं लिहिलेली असतील, तर पहिल्यांदा खेळणाऱ्या घराला ९६ मिनिटं मोकळी हवीत हे सांगता येतं. पत्त्यांवरची अक्षरं बारीक आहेत एवढंच न लिहिता त्यामुळे डाव कसा बिघडतो तेही सांगता येतं.

रंगांची तपासणी दोन मिनिटांत होते. मांडलेल्या पटाचा कृष्णधवल फोटो काढा. ज्या सोंगट्या त्यात एकसारख्या करड्या दिसतात, त्या केवळ रंगावरून ओळखायच्या आहेत. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याला, किंवा मंद दिव्याखाली कुणालाही, त्या त्रास देऊ शकतात. तिकीट टू राइडच्या पत्त्यांवर रंगासोबत चिन्हही आहे. अशी सोय असेल तर आवर्जून लिहा.

नशीब, चुरस आणि एकट्याचा कारभार

‘नशिबाचा भाग जास्त आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. नशीब निर्णयाच्या आधी येतं की नंतर, ते सांगा. अझुलमध्ये पिशवीतून टाइल्स आधी निघतात, सगळ्यांना दिसतात, मग तुम्ही निवडता. रिस्कमध्ये आधी हल्ला ठरतो, मग फासे पडतात. पहिल्या प्रकारात हरलेला माणूस स्वतःची चाल आठवतो, दुसऱ्यात फाशाला दोष देतो. कटानमध्ये दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या ३६ पैकी ६ वाटा आहेत, २ किंवा १२ साठी एकेकच. त्यामुळे पटावरच्या कोणत्या आकड्याशेजारी वस्ती बसवायची हे कौशल्य आहे, पण तो आकडा वेळेवर पडेलच याची हमी नाही. इतकं उलगडून सांगितलं की वाचक आपल्या माणसांचा स्वभाव बघून ठरवतो.

समतोलाबद्दल मात्र हात राखून लिहा. दोघांच्या खेळात पाच डावांपैकी तीन किंवा जास्त पहिल्या भिडूने जिंकले, म्हणून त्याला फायदा आहे असं म्हणता येत नाही: दोघे अगदी बरोबरीचे असले तरी असं होण्याची शक्यता निम्मी असते. कुणाला ठाम विधान करायचं असेल त्याने पुष्कळ डावांचे गुण आणि बसण्याचा क्रम लिहून ठेवावा.

सगळ्यांनी मिळून जिंकायच्या खेळांत एक खास दोष असतो. पँडेमिकमध्ये माहिती जवळपास सगळी उघडी असते, त्यामुळे अनुभवी माणूस बाकीच्यांच्या चाली ठरवू लागतो आणि इतर नुसते सोंगट्या हलवतात. हानाबीमध्ये प्रत्येकाने आपले पत्ते उलटे, दुसऱ्यांना दिसतील असे धरायचे असतात. स्वतःचे दिसतच नाहीत, म्हणून एकट्याचा कारभार चालत नाही. खेळाच्या रचनेतच असा अटकाव आहे का, हे शोधून लिहा. घरात एक वडीलधारा आणि तीन मुलं असतील तर याच मुद्द्यावर खेळ तरतो किंवा पडतो.

छंदी खेळाडूंना याशिवाय दोन गोष्टी हव्या असतात. ६३.५ × ८८ मिमी या नेहमीच्या मापाच्या पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घातल्यावर खोकं बंद होतं का, आणि एक्स्पान्शनशिवाय, म्हणजे वेगळ्या मिळणाऱ्या पुरवणी खोक्याशिवाय, मूळ खेळ पुरा वाटतो का.

जिगसॉ आणि कोडी

‘१००० तुकडे’ म्हणजे पुष्कळदा २७ × ३८, अर्थात १०२६ तुकडे. तेव्हा कडेचे १२६ असायला हवेत. आधी तेवढे वेगळे काढून मोजले की किनार पूर्ण आहे का हे लगेच कळतं. आतला तुकडा हरवला आहे हे शेवटीच समजतं. तेव्हाही पिशवीच्या घड्या, खोक्याची झाकणाखालची कड आणि टेबलाखालची जमीन बघितल्याशिवाय बनवणाऱ्याला दोष देऊ नका.

कटाईसाठी दोन चाचण्या करा. पाच-बाय-पाचचा जोडलेला ठोकळा कडेला धरून उचला. तो सुटला नाही तर पकड चांगली. मग एकाच रंगाच्या भागातला, आकाश किंवा पाणी, एक तुकडा मुद्दाम चुकीच्या जागी बसवून बघा. चपखल बसला तर हे जिगसॉ त्रास देणार: चूक शंभर तुकड्यांनंतर उघडी पडते आणि कोणता तुकडा उचकटायचा ते कळत नाही. दिव्याखाली चकाकी किती येते, हातावर पुठ्ठ्याची धूळ किती लागते, तेही लिहा.

एकदाच सोडवता येणाऱ्या खेळांचं परीक्षण सगळ्यात नाजूक. एक्झिट मालिकेत सामान कापायचं, दुमडायचं, त्यावर लिहायचं असतं. अनलॉक मालिकेतलं सामान पुन्हा खोक्यात भरून दुसऱ्याला देता येतं. हा फरक वाचकाला आधी सांगा. तुमचा स्वतःचा अनुभव एकदाच येतो, म्हणून दुसऱ्या खोक्याने किंवा पुन्हा भरलेल्या सामानाने दुसऱ्या गटाला खेळायला बसवा आणि तुम्ही गप्प बसून बघा. मदतीचे किती इशारे घेतले, कोणत्या टप्प्यावर घेतले, हे टिपा. लिहिताना उत्तर फोडू नका. उदाहरण हवंच असेल तर पहिल्या, सरावाच्या कोड्याचं द्या. फोटोतही मागे उलगडलेला नकाशा किंवा उघडलेलं कुलूप दिसत नाही ना, ते बघा.

आकड्यांच्या कोड्यांत एकच कसोटी: उत्तर एकच आहे का, आणि ते अंदाजाशिवाय निघतं का. सुडोकूत १७ पेक्षा कमी आकडे देऊन एकमेव उत्तराचं कोडं बनत नाही, हे २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवलं गेलं. पण दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, असं नसतं. कोणत्या युक्त्या लागतात त्यावर ते ठरतं.

लिहिताना

जर्मनीतला श्पील देस यारेस (‘वर्षातला खेळ’) हा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो. मुलांच्या खेळांसाठी २००१ पासून आणि मुरलेल्या खेळाडूंसाठी २०११ पासून तिथे वेगळे पुरस्कार आहेत. तीच विभागणी तुमच्या मजकुरात ठेवा: एकच खेळ तिन्ही गटांना सारखेच तारे देऊन मोजू नका. मी ताऱ्यांपेक्षा तीन ओळी पसंत करेन: कुणी घ्यावा, किती जणांत सर्वांत रंगतो, कुणी घेऊ नये. तिसरी ओळ लिहायला जड जाते, पण तिच्यामुळेच वाचक तुमच्यावर विश्वास ठेवतो. खोकं प्रकाशकाने फुकट पाठवलं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, आणि तुम्ही कोणती आवृत्ती खेळलात तेही, कारण नियम आवृत्तीगणिक बदलतात.

प्रसिद्ध केल्यावर कुणी नियमातली चूक दाखवली तर मजकूर गुपचूप बदलू नका. सगळ्यात वर तारीख घालून दुरुस्ती लिहा, बरोबर नियमाने आणखी एक डाव खेळा, आणि मत बदललं असेल तर आधीचं मत काय होतं तेही तिथेच राहू द्या.