घरातलं ऑफिस कसं आवरावं, आणि तेही माणसं न दुखावता

घरून काम करणाऱ्यांचं टेबल सारखं भरलेलं का असतं असं विचारलं की सगळे म्हणतात कागद फार झाले, कपाट घ्या, ऑर्गनायझर मागवा. पण आपल्याकडे, जळगाव घ्या नाहीतर धुळे नंदुरबार, टेबलावर नीट नजर टाकली तर निम्मा पसारा कामाचा नसतोच, तो माणसांचा असतो. दोन लग्नपत्रिका, कृषी केंद्राचं कॅलेंडर, शेजारच्या वहिनींचं कुरिअर, कुठल्यातरी लग्नात मिळालेली टोपी-टॉवेलची पिशवी, पेढ्यांचा रिकामा बॉक्स, भाच्याचा चार्जर. म्हणून तर आवरायला बसलं की हात थांबतो, वस्तू फेकली म्हणजे देणाऱ्याला फेकलं असं वाटतं. तेव्हा हे काम दोन भागात करायचं, आधी सामान आणि मग येणं-जाणं, आणि दुसरा भाग केला नाही तर पहिला महिनाभरही टिकत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

आधी सगळं खाली काढा

उन्हाळ्यात करणार असाल तर सकाळी ६ ते ९ मध्येच उरका. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी कूलर लावल्याशिवाय बसवत नाही आणि कूलर लावला की कागद घरभर. हॉलमध्ये एक मोठी चादर अंथरा, टेबलावरचं, ड्रॉवरमधलं, प्रिंटरच्या मागचं, खिडकीतलं, सगळं तिच्यावर ओता. डबे-बास्केट आधी आणू नका, किती उरतंय ते कळल्यावर आणा, नाहीतर पसारा डब्यात जातो आणि तिथंच राहतो.

मग चार ढीग: रोज लागणारं, जपून ठेवायचं, माणसांनी दिलेलं, आणि घराबाहेर जाणारं. "बघू नंतर" नावाचा पाचवा ढीग करायचा नाही, सगळं तिकडेच जातं.

टेबल रिकामं झालंय तोवर त्याची जागा पण बघून घ्या. कूलरच्या समोर टेबल अजिबात नको. ती हवा दमट असते, कागद नरम पडतात, कडा वळतात, प्रिंटरमध्ये एकदम दोन-दोन पानं ओढली जातात आणि मग आपण प्रिंटरला शिव्या देत बसतो. हवा पाठीवर किंवा बाजूने येईल असं बसा, आणि कोरा कागद पिशवीत बंद करून ठेवा.

कागद: काय ठेवायचं, किती दिवस

इथे घाई करू नका. खरेदीखत, जन्मदाखला, मार्कशीट, जुने हस्तलिखित फेरफार, वाटणीपत्र, हे कायमचं. सातबाऱ्याच्या जुन्या प्रिंट मात्र गठ्ठ्याने पडलेल्या असतात, कधी पीक कर्जाला, कधी विम्याला काढलेल्या. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो आणि लागतो तेव्हा ताजाच मागतात, त्यामुळे जुन्या प्रिंट ठेवून उपयोग नाही, फक्त त्यावर कोणी पेनाने काही महत्त्वाचं लिहून ठेवलंय का ते बघा, आबा-नानांच्या पिढीची ती सवय असते.

जीएसटी असेल तर हिशेब आणि बिलं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणजे २०२३-२४ चं वार्षिक रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, तर त्या वर्षाचे कागद डिसेंबर २०३० संपेपर्यंत हलवायचे नाहीत, आणि अपील वगैरे चालू असेल तर त्याचा निकाल लागून १ वर्ष होईपर्यंत पण ठेवायचे, यातली जी तारीख नंतरची असेल ती धरायची. वर्षागणिक एक जाड पाकीट करा, त्यावर मोठ्या अक्षरात वर्ष आणि "कधी फाडायचं" ती तारीख आजच लिहून टाका. ही दुसरी तारीख कोणी लिहीत नाही, म्हणून १५-१५ वर्षांचे गठ्ठे माळ्यावर पडून असतात.

दुकानातून मिळणारी ती गुळगुळीत कागदाची बिलं, मिक्सरचं, इन्व्हर्टरचं, मोबाइलचं, ती आपल्या उन्हात टिकत नाहीत. अक्षरं उडतात नाहीतर अख्खा कागद काळा पडतो आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा तुकडा. आणल्या दिवशीच फोटो काढा आणि वॉरंटी कार्डाला झेरॉक्स जोडा. लायसन्स, आरसी डिजीलॉकरमध्ये घेऊन टाका, म्हणजे त्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे जातील.

राहिलेले कायमचे कागद लोखंडी पेटीत, पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. पुठ्ठ्याचा खोका जमिनीला टेकवून भिंतीला लावला की वाळवी आलीच, आणि ती वरून दिसत नाही, खोका उचलला की तळ खाली राहतो. जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात राहत असाल तर पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पेटी उघडून बघायचीच.

वायरी आणि बॅटऱ्या

हे पटकन होतं. प्रत्येक चार्जर लावून बघा, चालतो त्याला चिकटपट्टीवर नाव लिहा, चालत नाही तो बाहेर. फुगलेली मोबाइलची बॅटरी किंवा पॉवर बँक ड्रॉवरमध्ये ठेवू नका, भोसकू नका, घंटागाडीच्या कचऱ्यात पण टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे नाहीतर मोबाइलच्या सर्व्हिस सेंटरला द्या, तोवर सावलीत, गादी-कागदापासून लांब. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो आणि तिचे पैसे वजा करतो, ती टेबलाखाली पाय ठेवायला वापरत असाल तर आधी काढा.

माणसांनी दिलेल्या वस्तू

खरा वेळ इथे जाणार आहे आणि जाऊ द्या.

लग्नपत्रिका. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात ते आखाजी (अक्षय्य तृतीया), मे महिना होईस्तोवर. वर गणपती असतो म्हणून रद्दीत टाकवत नाही, तापी-गिरणेत सोडायचं तर नकोच, नदीत आधीच काय कमी आहे. पत्रिका हातात आली की तीन गोष्टी लगेच करा: तारीख मोबाइलच्या कॅलेंडरला टाका, पत्रिकेचा फोटो काढा, आणि एका वहीत नाव, गाव लिहून ठेवा, लग्नाहून आल्यावर त्याच ओळीत किती आहेर केला ते लिहायचं. ही वही खरी कामाची, आपल्याकडे आहेर फिरून परत करायचा असतो आणि पाच वर्षांनी कोणाला आठवत नाही. वही झाली की पत्रिकेचं काम संपलं. जाड पत्रिका कोऱ्या बाजूने फाइलमध्ये विभाजक म्हणून छान चालतात, आतली नक्षीची पाकिटं आहेराला वापरता येतात, गणपतीचं चित्र कापून मुलांना हस्तकलेला द्या. मान पण राहतो आणि ढीग पण जातो.

कॅलेंडर एकच ठेवा, ज्यात तिथी आणि गॅसच्या सिलिंडरची नोंद लिहायला जागा आहे ते. सराफाचं, बियाण्याच्या कंपनीचं, पतसंस्थेचं, बाकी सगळं डिसेंबरमध्येच सांगून टाका, "भाऊ, आमच्याकडे एक आलंय, हे दुसऱ्या कोणाला द्या." दुकानदाराला राग येत नाही, त्याला मोजकीच छापून आलेली असतात. डायऱ्या घराजवळच्या शाळेत जाणाऱ्या पोरांना रफ वहीला द्या.

टोपी-टॉवेल-नारळ: टॉवेल वापरायला काढा, नारळ फोडा, टोप्या गावाकडच्या वडीलधाऱ्यांना. शाल एखादी जवळच्या माणसाने मनापासून दिलेली असेल ती ठेवा, बाकीच्या थंडीत गरजूंच्या अंगावर जाऊ द्या, कपाटात कसर लागण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. सन्मानचिन्हं असतील तर एकाच फळीवर मावतील तेवढी, बाकीच्यांचा फोटो.

"घरीच तर आहे ना"

आता दुसरा भाग. आपण लॅपटॉपसमोर बसलोय म्हणजे रिकामे आहोत असं घरच्यांना आणि गल्लीला वाटतं, यात त्यांचा दोष नाही, नोकरी म्हणजे बाहेर जाणं हेच आजवर बघितलंय. कोणीतरी दारातून "काय करी राहिना भो?" (काय करतोयस भाऊ?) म्हणत आत येतो आणि सरळ टेबलाशेजारी खुर्ची ओढतो, चहाचा कप फाइलवर, हातातली पिशवी कीबोर्डशेजारी. त्याला हाकलायचं नाही. दाराशी एक खुर्ची आणि एक छोटं स्टूल कायमचं ठेवा, ओट्यावर सावली असेल तर तिथं. माणूस आला की आपण उठून तिकडे जायचं, म्हणजे तो टेबलापर्यंत येतच नाही. आणि शब्द तयार ठेवा: "नाना, बसा, पाणी घ्या, दहा मिनिटांचा कॉल आहे, उरकला की आलोच." पाणी आधी आणि अडचण नंतर, हा क्रम उलटा केला की माणूस दुखावतो. सांगितलेल्या वेळेला मात्र खरंच उठायचं, पाच मिनिटं का होईना नीट बोलायचं. "संध्याकाळी ६ नंतर या, निवांत बसू" हे दोन-तीनदा प्रेमाने सांगितलं की लोक आपोआप ती वेळ धरतात.

शेजाऱ्यांची कुरिअरं घ्यावी, पण त्यासाठी दाराजवळ एक पाटी किंवा टोपली, ऑफिसच्या टेबलावर नाही.

घरात आईशी किंवा सासूबाईंशी वेगळी बोलणी करावी लागतात. चैत्र-वैशाखात गच्चीवर बिबड्या, कुरडया, पापड वाळत घातले की संध्याकाळी वारा सुटला म्हणून ते सगळं परातींसकट खाली येतं आणि घरात सगळ्यात सपाट, सगळ्यात रिकामी जागा कोणती, तर आपण नुकतंच आवरलेलं टेबल. इथे तत्त्वाची भाषा नको. त्या दिवसांपुरती एक बाज किंवा फोल्डिंगचा पलंग त्याच खोलीत उभा करून ठेवा आणि तो त्यांचा. जागा दिली की टेबल सुटतं, नुसतं "इथे ठेवू नका" म्हटलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आणि प्रसंग. घरून काम करणाऱ्याला सगळीकडे पाठवतात. माझं स्पष्ट मत असं की कोणी गेलं असेल तर जायलाच हवं, भेटायला जा, गंधमुक्तीला (सुतक फिटण्याच्या विधीला) जा, त्या दिवशी सुट्टी टाका, मॅनेजरला आदल्या दिवशी साध्या शब्दात सांगा. हळद, साखरपुडा, टिळा यातलं दूरच्या नात्यातलं फोनवर सांगून चालतं, पण फोन स्वतः करायचा आणि कार्यक्रमाच्या आधी करायचा. लग्नसराईच्या तारखा वहीत आहेतच, त्या महिन्याच्या सुरुवातीलाच टीमला कळवा.

ऑफिसमध्ये अधूनमधून पुण्याला-नाशिकला जात असाल तर तिथलेही रिवाज असतात, वाढदिवसाची वर्गणी, कोणाचं प्रमोशन झालं की पेढे. वर्गणी मागायची वेळ तुमच्यावर आली तर रकमांची यादी ग्रुपवर टाकू नका, कोणी ५० दिले कोणी ५००, ते एकालाच माहीत असावं. जाताना केळीचे वेफर्स किंवा शेव न्या, एका दिवसात संपतं, कोणाच्या डेस्कवर पसारा राहत नाही.

रोजचं

काम संपलं की उठायच्या आधी कप, प्लेट, दुसऱ्यांच्या वस्तू एका टोपलीत घालून ज्याचं त्याला पोचवा, दिवसाचे कागद पाकिटात, टेबलावर लॅपटॉप आणि उद्याचा एकच कागद. शनिवारी टोपलीत जे अजून पडलंय त्या माणसाला फोन करा, "ताई, तुमचा डबा आमच्याकडे आहे, पाठवू का येताय?", आणि डबा द्यायचा तर रिकामा नको, दोन केळी का होईना घाला. रद्दीवाला गल्लीत ज्या दिवशी येतो तो दिवस धरून ठेवा, त्याच्या आदल्या रात्री गठ्ठा बांधून दारात, आणि ज्या कागदावर आधार नंबर, खाते नंबर, सही आहे तो आधी बारीक फाडून.