विहीर तळाला गेली की परसातली बाग कशी जगवायची, पक्षी-प्राण्यांसकट

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, कारण सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि जांभ्याच्या जमिनीत पाणी थांबत नाही. त्यामुळे जास्त पाणी कुठून आणू हा विचार सोडा, आहे ते मातीत कसं टिकेल ते बघा.

पहिलं काम, पाचोळा जाळणं बंद. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात आगी लागल्या होत्या ते आठवत असेल, उन्हाळ्यात परसात काडी ओढायची नाही म्हणजे नाही. काजू-फणसाची पानं, तोडलेल्या झावळ्या सगळं माडाच्या आळ्यात घाला, बुंध्यापासून साधारण 2 मीटरपर्यंत, फक्त बुंध्याला चिकटवू नका. त्याखाली नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) उताणी, म्हणजे खोलगट बाजू वर करून लावा, ती पाणी धरून ठेवतात. आठवड्याने काठीने पाचोळा उचलून बघा (हात घालू नका, खाली फुरशासारखा विषारी साप असू शकतो), माती काळसर आणि थंड लागली तर त्या दिवशी पाणी द्यायची गरजच नाही.

नवीन कलमांना मडकं पुरा. साधं, बिनझिलईचं, गळ्यापर्यंत मातीत, आणि तोंडावर करवंटी उपडी घाला. पाणी हळूहळू झिरपत मुळांना मिळतं, डास होत नाहीत, पाल-बेडूक आत पडत नाहीत. न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाकडे वळवा, आपल्या जुन्या घरांत असंच असायचं.

आता प्राणी. खारी आणि माकडं ड्रिपचे पाइप कुरतडतात ते बऱ्याचदा तहानेपोटी, म्हणून झाडांपासून लांब त्यांना वेगळं पाणी ठेवा. पसरट मातीचं भांडं, कडेला दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड म्हणजे मधमाश्यासुद्धा बसून पितात, आणि रोज घासून पाणी बदलायचं. झुडपाला खेटून ठेवू नका, मांजर दबा धरून बसतं. पण माकडांना खायला मात्र अजिबात घालू नका, एकदा सवय लागली की ती घरात शिरतात आणि मग आख्खी वस्ती वैतागते. मोर कोवळी रोपं टोचतात तर वाफ्यावर काटेरी फांद्या पसरा, रोपं मोठी होईपर्यंत तेवढं पुरतं.

नायलॉनची जाळी जमिनीलगत लावू नका हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. धामण त्यात अडकते, सुटायला धडपडते तसा दोरा आणखी रुततो आणि उन्हात तडफडून मरते, आणि तीच बिचारी आपल्या परसातले उंदीर खात असते. अडकलेली दिसली तर स्वतः ओढाओढी न करता वन खात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा.

मार्च ते मे छाटणी नको, बुलबुल आणि शिंजीर तेव्हा घरटी करतात आणि झाडालाही सावली हवीच असते. विहिरीवर जाळी घाला, उघड्या टाकीत एक फळी तिरकी सोडा म्हणजे पडलेली खार वर येईल. सत्तरी-सांगेकडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) गवा उतरला तर फटाके लावून अंगावर जाऊ नका, लांब राहा, कुत्रे बांधा आणि वन खात्याला फोन करा.

पाऊस स्थिरावला की आळ्यात पाणी तुंबतंय का बघून एका बाजूने वाट काढा, पाचोळा तिथेच कुजू दे.