टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागताय?

टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लागलात की पहिल्याच आठवड्यात कानावर पडेल, ‘हल्ली चांगले कामगारच मिळत नाहीत.’ मान डोलवा हवं तर, पण माग का थांबतो ते आधी स्वतः लिहून काढा.

हिशोब सोपा आहे. माग मिनिटाला 120 पिकांचा असेल (आडवा धागा एकदा टाकला की एक पिक), तर आठ तासांत 57,600 पिकं पडायला हवीत. 40,320 पडली तर एफिशियन्सी 70 टक्के. बाकीचे 30 टक्के कुठे गेले, ते शोधणं हीच तुमची नोकरी. मी प्रत्येक बंदची वेळ आणि कारण वहीत टिपू लागलो, तेव्हा तार, म्हणजे धागा, तुटण्यात वाटला तेवढा वेळ जात नव्हता. बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपला पण दुसरा तयार नाही, माग दुरुस्त करणारा जॉबर पलीकडच्या शेडमध्ये अडकलाय, किरकोळ स्पेअर आणायला माणूस बाजारात गेलाय, असलीच कारणं जास्त. यातलं विणणाऱ्याच्या हातात काय आहे? मजुरी नगावर असली की भुर्दंड मात्र त्यालाच.

म्हणून कसबाला किंमत नाही असं नव्हे. टॉवेलला दोन बीम लागतात, पायाच्या कापडासाठी ग्राउंडचा आणि लूपसाठी पाइलचा. पाइलचा ताण बिघडला की लूपची उंची कमीजास्त होते. मुरलेला माणूस कापडावरून तळहात फिरवून ते सांगतो. आपल्याला कळेपर्यंत चार टॉवेल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, गेलेले असतात. अशा माणसाला बीमची वाट बघत बसवणं ही चैन कुठल्या कारखान्याला परवडते?

तारापूर-उंबरगावच्या कापड कारखान्यांत असाच एक प्रयोग झाला होता. देखभाल, दोषांची नोंद, सुताचा साठा अशी घडी सल्लागारांनी बसवून दिली आणि पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 मध्ये तो अभ्यास छापून आला. अशा पद्धतींनी फायदा होईल हे आधी बऱ्याच मालकांना पटतच नव्हतं, हे मला त्यातलं सगळ्यात ओळखीचं वाटलं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक कामगारांच्या शेडमध्ये कामाचं तेलुगू शिकून घ्या. बंदचं खरं कारण त्याच भाषेत कळतं. वही कामगारावर रोखू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कुणी खरं सांगणार नाही. मालकापुढे टक्के नेऊ नका, बुडालेल्या टॉवेलांचे रुपये न्या. आणि मुलाखतीतच विचारा, बंदची नोंद कोण ठेवतं? ‘त्याची काय गरज?’ असं उत्तर आलं, तर पगार जरा वाढवूनच मागा.